टाळीचं दुकान

आमच्या रस्त्यावर माझ्या भाऊजींच्या दुकानाला पाटीवरच्या नावाने कुणी ओळखत नसे. सगळे त्याला टाळीचं दुकान म्हणत आणि भाऊजींना टाळीवाले. दिवसभर आतून एक टाळी ऐकू यायची, मग एका बाईचा आवाज, ‘ऐकू येतंय का?’, आणि थोड्या वेळाने पुन्हा टाळी. नवख्या माणसाला वाटायचं, आत कुणाचा तरी सत्कार चाललाय. सत्कार कसला, यंत्रांची झडती चाललेली असायची.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. तिला मी ताई म्हणायची. त्या दोघांचा धंदा डीव्हीडी करून देण्याचा. लोक लग्नाच्या जुन्या टेपा, कॅमेऱ्यातल्या छोट्या कॅसेटी, पुढेपुढे पेनड्राइव्ह घेऊन यायचे आणि टीव्हीखालच्या प्लेअरमध्ये घालता येईल अशी चकती घेऊन जायचे. शेजारीच माझं शिवणकामाचं दुकान, मध्ये प्लायवूडचं पार्टिशन. ते इतकं पातळ की भाऊजींना शिंक आली की मी रुमाल शोधायची. माझं लग्न झालेलं नाही, आणि ते का झालं नाही असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकांची मापं माझ्या हातून हमखास चुकतात.

भाऊजी मोठे किचकट माणूस. लोकांना वाटायचं, डीव्हीडी करणं म्हणजे कॉम्प्युटरमधली फाइल उचलून चकतीवर टाकणं. असं कुणी काउंटरवर म्हणालं की त्यांचा पारा चढायचा. एकदा एक नवरदेव घरीच चकती करून बसला आणि ती प्लेअरमध्ये चालेना म्हणून तणतणत आला. त्याने काय केलं होतं, तर फाइलच्या नावाचं शेपूट बदललं होतं. भाऊजी म्हणाले, ‘डब्यावर साखर लिहिलंत म्हणून आतलं मीठ गोड होणार आहे का? प्लेअर आत काय भरलंय ते बघतो. नाव वाचून भुलायला तो काय माणूस आहे?’ नवरदेवाबरोबर त्याची नवी बायको होती, ती फिस्सकन हसली. मला वाटतं, त्या संसाराची घडी तिथेच नीट बसली.

प्रत्येक चकती गिऱ्हाइकाच्या हातात पडण्याआधी भाऊजी ती एका जुन्या, जड, काळ्या प्लेअरवर चालवून बघत. त्याचं नाव त्यांनी खडूस ठेवलं होतं. खडूस कमीजास्त काही खपवून घ्यायचा नाही. चित्राचा आकार जरा चुकला, नाकारली. चकती घाईघाईने लिहिलेली असली, नाकारली. इतर प्लेअर ज्याकडे डोळेझाक करतील ते हा सरळ थुंकून टाकायचा. ‘याने खाल्लं ना, की जगातला कुठलाही प्लेअर खातो,’ हे भाऊजींचं पालुपद. स्वस्तातल्या, फटाफट सगळं चालवणाऱ्या प्लेअरवर त्यांनी कधी काही तपासलं नाही. कुणालाही पास करणाऱ्या मास्तरकडे पेपर कशाला द्यायचा, असं त्यांचं म्हणणं. ताई म्हणायची, या दुकानात दोन खडूस आहेत, एकाला प्लग आहे आणि एकाला नाही.

टाळीचं असं होतं. चित्र आणि आवाज वेगवेगळे तयार होतात आणि मग एकत्र बांधले जातात. बांधताना आवाज किंचित मागे पडला तर पडद्यावरची माणसं परक्याच्या तोंडाने बोलल्यासारखी दिसतात. गाण्याबजावण्याच्या गोंधळात ते कळत नाही, टाळीत कळतं. हात भिडले आणि आवाज तेव्हाच आला तर काम बरोबर. म्हणून एका दुपारी भाऊजींनी ताईला काउंटरपाशी उभं केलं आणि छोट्या कॅमेऱ्याने तिचं चित्रण केलं. अंगात निळा स्वेटर, कानामागे पेन्सिल. ती टाळी वाजवते, मान पुढे काढून विचारते, ‘ऐकू येतंय का?’, आणि थांबते. कॅमेऱ्यामागचा माणूस उत्तर द्यायचं सोडून वायरी बघत असतो. मग ती ओठ मुडपून हसते. एवढंच ते. दुकानात चकत्या लिहायचा नवा बर्नर आला, नवी केबल आली, नवं सॉफ्टवेअर आलं की आधी ताईची टाळी चालायची आणि मग बाकीचं काम.

त्या कॅमेऱ्याची एक खोड होती. आवाजालाही माप असतं, हे मला भाऊजींमुळे कळलं. डीव्हीडीला एका ठरावीक मापात कापलेला आवाज लागतो, आणि तो कॅमेरा कापायचा तोकड्या मापात. त्यांचं तेव्हाचं सॉफ्टवेअर असा मापात न बसणारा आवाज आला की तक्रार करायचं नाही, काही विचारायचं नाही. आवाज गुपचूप गाळून टाकायचं आणि चित्र तेवढं ठेवायचं. त्यामुळे या कॅमेऱ्याचा आवाज आधी वेगळा काढून, त्याचं माप बदलून, मग चित्राला जोडावा लागे. ‘हे सॉफ्टवेअर अगदी तुझ्या भाऊजींसारखं आहे,’ ताई मला पार्टिशनवरून सांगायची. ‘नको असेल ते त्याला ऐकूच येत नाही.’ भाऊजींना खरंच ऐकू यायचं नाही. त्यांचं डोकं यंत्रात असलं की ती दोनदा, तीनदा विचारायची, जेवायचं का, दुकान बंद करायचं का, आणि हे आपले मान न वळवता ‘हं’ म्हणायचे. पुढे ते ‘हं’सुद्धा बंद झालं.

चकती सुरू केली की पहिल्यांदा जे पान येतं, ‘कार्यक्रम’, ‘भाषणं’, ‘गाणी’ अशी बटणं असलेलं, ते ताई करायची. भाऊजींना बटणांचा कंटाळा. तिने कॉम्प्युटरवर एक साचा करून ठेवला होता. दर वेळी त्यात नवा कार्यक्रम भरायचा, नाव बदलायचं, की चकती तयार. कार्यक्रम संपला की प्लेअरने परत पहिल्या पानावर यायचं, अशी आज्ञासुद्धा साच्यातच घातलेली होती. कामाला ताई चलाख होती, पण घाईची. माझ्याकडे शिवायला दिलेल्या तिच्या कपड्यांच्या खिशात हमखास काहीतरी विसरलेलं सापडायचं.

मग ताई आजारी पडली. साध्या तापाचं निमित्त झालं, तो छातीत उतरला, आणि बघता बघता तिच्या घशाला छेद देऊन नळी बसवायची वेळ आली. तशी नळी असली की आवाज फुटत नाही. पण ताईला गप्प बसायला कोण सांगणार? ती ओठ हलवत राहायची. भाऊजी तिच्या तोंडाशी कान नेऊन बसायचे, जसं काही जवळ गेलं की ऐकू येईल. शेवटच्या दिवशी ती तेच तेच काहीतरी पुन्हा पुन्हा विचारत होती. विचारतच होती, हे तिच्या भुवयांवरून कळत होतं. भाऊजी म्हणाले, ‘ऐकू येत नाहीये गं. मला ऐकू येत नाहीये.’ मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. ताईने त्यांच्याकडे पाहिलं, ओठ मिटले, आणि मग काही विचारलं नाही. संध्याकाळी ती गेली.

दुकान पुन्हा उघडलं त्या सकाळी मी कापडाला कात्री लावली आणि पार्टिशनपलीकडून टाळी आली. ‘ऐकू येतंय का?’ माझे हात तिथेच थांबले. थोड्या वेळाने पुन्हा टाळी, पुन्हा तेच. दिवसभर. दुसऱ्या दिवशीही. मी त्याला सरावले, असं मी म्हणणार नाही. पाय मशीनवर चालू असायचे आणि मान आपोआप भिंतीकडे वळायची. एकदा तर मी ‘हो गं’ म्हणून बसले आणि माप द्यायला उभी असलेली बाई दचकून टेपमधून बाहेर आली.

शेवटी मी पलीकडे गेले. ‘भाऊजी,’ मी म्हटलं, ‘माणूस गेलं की लोक फोटो लावतात आणि गप्प राहतात. तुम्ही तिला रोज उभं करून टाळ्या पिटायला लावताय.’

‘नवा बर्नर आणलाय. तपासायला नको?’

‘काल काय आणलं होतंत?’

‘केबल.’

‘आणि परवा?’

ते खडूसच्या डोक्यावरची धूळ पुसत राहिले. मग म्हणाले, ‘माझ्या डोक्यात तिचे ओठ हलत असतात. नुसते ओठ. डोळे मिटले तरी आणि उघडे ठेवले तरी. ही विचारते तेव्हा निदान ऐकू तरी येतं गं.’

मी माझ्या बाजूला आले आणि कुणाच्या तरी पँटची शिवण उगाचच उसवून पुन्हा घातली. त्या दिवसापासून मी टाळीबद्दल अवाक्षर काढलं नाही.

पुढे जुना कॉम्प्युटर थकला. नव्यावर जुनं सॉफ्टवेअर चालेना, आणि नव्या सॉफ्टवेअरमध्ये ताईचा साचा उघडेना. भाऊजींनी साच्याचं दुःख केलं नाही. बटणं ते आपली आपण ओबडधोबड करू लागले. ताईची टाळी मात्र त्यांनी पहिल्यांदा नव्या कॉम्प्युटरवर घेतली आणि नंतर बाकीचं सामान. मग जुना भंगारात गेला.

आणि एका सकाळी तो नवा कॉम्प्युटर आतल्या आत टकटक करायला लागला. हार्डडिस्क मरताना असा आवाज करते. भाऊजी एका दुरुस्तीवाल्याकडे गेले, दुसऱ्याकडे गेले, कुठेतरी लांब पाठवून बघितलं. डिस्क बंद पाकिटातून तशीच परत आली. लोकांना दोन-दोन प्रती करून ठेवा म्हणून दमात घेणारा माणूस, त्याच्याकडे टाळीची एकच प्रत होती, तीही पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या चकतीवर. तिला आता कुठलंच यंत्र ओळख देईना. कॅमेऱ्यातली मूळ कॅसेट तर ताईनेच केव्हातरी कुणाच्या निवृत्तीच्या समारंभासाठी पुन्हा वापरली होती. काटकसरी बाई. अर्ध्या गावाची लग्नं, वाढदिवस आणि निरोप या दोघांनी जपून दिले, आणि स्वतः दोघं कायम कॅमेऱ्यामागे. ताई हलताना, बोलताना दिसेल असं दुसरं काही नव्हतं.

पार्टिशनपलीकडे सामसूम झाली. तो आवाज चालू असताना मी त्याला शिव्या दिल्या होत्या, पण ती सामसूम त्याहून वाईट. टाळीची वेळ झाली की माझे कान टवकारायचे आणि काहीच यायचं नाही. भाऊजी कधीकधी स्वतःच टाळी वाजवून यंत्र तपासत. ती कोरडी वाजायची. धंदाही ओसरत चालला होता, लोकांच्या घरातून प्लेअरच नाहीसे व्हायला लागले होते. तरी ते रोज दुकान उघडून खडूससमोर बसायचे.

एक दिवस ते माझ्याकडे आले आणि स्टुलावर बसले. ‘तिचा आवाज तुझ्यासारखा होता का गं?’

‘बहिणीच आम्ही. असेल थोडाफार.’

‘एकदा म्हण ना.’

काय म्हणायचं ते त्यांनी सांगितलं नाही, मला ते कळलं. मला आधी राग आला. मग त्यांचा चेहरा बघून मी सुई खाली ठेवली आणि म्हटलं, ‘ऐकू येतंय का?’ ते डोळे मिटून ऐकत होते. त्यांनी मान हलवली. ‘नाही. हा तुझा आहे.’ जरा वेळाने म्हणाले, ‘तिचा कसा होता, तेच मला आठवत नाहीये. हा नाही, एवढंच कळतं.’ ते गेल्यावर मी मनातल्या मनात ताईला बोलवून बघितलं. ती आली, पण माझ्याच आवाजात बोलली. त्या दिवशी मी घाबरले. मेलेलं माणूस पुन्हा एकदा जाऊ शकतं, हे मला ठाऊक नव्हतं.

अशात एका दुपारी एक म्हाताऱ्या बाई भाऊजींच्या दुकानात आल्या. हातात पिशवी, पिशवीत नवाकोरा प्लेअर. गावाच्या दुसऱ्या टोकाला त्यांचं पाळणाघर होतं. ते बंद झालं तेव्हा पोरांच्या आईबापांनी निरोपाचा कार्यक्रम केला होता आणि त्याची डीव्हीडी आमच्याकडून करून घेऊन त्यांना दिली होती. बाईंनी आमचं दुकान पहिल्यांदाच पाहिलं. चकतीच्या पाकिटावरचा पत्ता वाचून त्या विचारत विचारत आल्या होत्या.

‘हा बिघडलेला निघाला,’ त्यांनी प्लेअर काउंटरवर आपटला. ‘बाई दाखवत नाही.’

‘कोण बाई?’ भाऊजींनी विचारलं.

‘शेवटची.’

मी हातातलं काम टाकून पलीकडे गेले. असल्या गिऱ्हाइकांपुढे भाऊजींचा पारा केव्हा चढेल, सांगता यायचं नाही.

‘आजी, नीट सांगा,’ ते म्हणाले. ‘पोरांचा कार्यक्रम दिसतो का?’

‘दिसतो की. नाच दिसतो, भाषण दिसतं, गोट्या रडतो ते दिसतं.’

‘मग सगळं दिसतंय.’

‘सगळं कुठे? माझ्या जुन्या प्लेअरवर कार्यक्रम संपला की टीव्ही काळा व्हायचा, आणि मग ती यायची. जुना बंद पडला म्हणून पुतण्याने हा आणला, तर हा मेला कार्यक्रम संपला की परत पहिल्या पानावर जाऊन बसतो. पुतण्याला सांगितलं तर म्हणतो, काकू, तुम्हाला स्वप्न पडलं असेल. रोज दुपारी जेवण झाल्यावर माणसाला एकच स्वप्न पडतं का हो?’

‘दिसते कशी ती?’ मी विचारलं.

‘साधीच. निळा स्वेटर. येते आणि टाळी वाजवते.’

भाऊजींनी काउंटरची कड धरली. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. बाई आपल्या सांगतच होत्या. ‘पहिल्यांदा मी घाबरले. म्हटलं, घरात काय शिरलं हे! दिवा लावून बसले. पण ती काही त्रास देत नाही. येते, टाळी वाजवते, काहीतरी विचारते आणि हसून जाते. मग सवय झाली. आता येत नाही तर घर खायला उठतं.’

भाऊजींनी चकती हातात घेतली. पाकिटावर ताईचं अक्षर होतं. त्यांनी ती कॉम्प्युटरमध्ये घातली आणि प्लेअरसारखी न चालवता आतल्या फाइली उघडून बघितल्या. पहिलं पान. कार्यक्रम. आणि कार्यक्रमाच्या मागे आणखी एक, चिमुकली फाइल. पहिल्या पानावरचं एकही बटण तिच्याकडे जात नव्हतं.

‘साच्यात,’ भाऊजी म्हणाले. ‘साचा तपासताना तिने टाळी आत घातली असणार. आणि काढायलाच विसरली, वेंधळी.’

मग त्यांनी मला जे समजावलं ते असं. कार्यक्रम संपला की परत पहिल्या पानावर या, ही आज्ञा चांगला प्लेअर पाळतो आणि मागे फिरतो. त्याला पुढची ती फाइल दिसतसुद्धा नाही. बाईंचा जुना प्लेअर स्वस्तातला, अर्धवट. तो आज्ञेकडे लक्षच द्यायचा नाही, एक संपलं की जे पुढे असेल ते चालवत सुटायचा. ‘आणि मी सगळ्या चकत्या खडूसवर तपासल्या,’ भाऊजी म्हणाले. ‘हा एकही आज्ञा मोडत नाही. ती आत होती आणि हा दर वेळी तिच्या दारातून मला परत आणत होता.’

म्हणजे ताईच्या हातची प्रत्येक चकती तशी होती. गावातल्या कितीतरी कपाटांत, लग्नाच्या आणि वाढदिवसांच्या शेवटी, ती टाळी वाजवायला उभी होती. कुणाकुणाच्या घरी ती येऊन गेली असेल, कोण घाबरलं असेल, कुणी चॅनल बदललं असेल, देव जाणे.

भाऊजींनी स्पीकरच्या वायरी तपासल्या. आवाज पूर्ण वाढवला. मग माउसवर हात ठेवून बसून राहिले. ‘तू दाब,’ ते मला म्हणाले. ‘माझ्याने होत नाही.’

मी दाबलं. आधी काळा पडदा, आणि मग ताई. कानामागे पेन्सिल, डोळ्यांखाली कामाचा शीण, अगदी होती तशी. तिने हात उचलले. हात भिडले.

काहीच वाजलं नाही.

ताईने मान पुढे काढली. तिचे ओठ हलले. नुसते ओठ. थांबली, हसली, आणि पडदा काळा झाला.

भाऊजींनी वायर काढून पुन्हा घातली. दुसरा स्पीकर लावला. दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडली. त्यांचे हात इतके घाईने मी कधी चालताना पाहिले नव्हते. शेवटी त्यांनी फाइलमध्ये काय काय भरलंय याचा तपशील पडद्यावर आणला आणि मागे टेकून बसले. चित्र होतं. आवाज नव्हताच. ‘माप,’ ते म्हणाले. ‘तिने आवाजाचं माप बदललं नाही, तसंच घातलं. सॉफ्टवेअरने गाळून टाकला.’ मला वाटलं, दुसरी एखादी चकती शोधू, कुणाकडे तरी असेल. पण तोंड उघडायच्या आतच माझं मला कळलं. सगळ्या एकाच साच्यातून निघालेल्या. ताई सगळीकडे होती आणि कुठेच तिला आवाज नव्हता.

भाऊजी दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले. मी त्यांना दवाखान्यातही असं रडताना पाहिलं नव्हतं. मला ताईचा संताप आला, एवढी कसली मेली घाई होती हिला, आणि संतापतासंतापताच मीही रडायला लागले.

बाई गोंधळून गेल्या. मी त्यांना सांगितलं, ही माझी बहीण, यांची बायको, आता नाही. त्या पुढे आल्या आणि भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, ‘आवाज तर मला कधीच आला नाही हो. मी समजले, तिचं बोलणंच तसं. ती विचारते ना, जेवलात का? मी रोज सांगते, जेवले. जन्मभर मी पोरांना तेच विचारलं. मला विचारणारी ही एकटीच.’

भाऊजींनी तोंड पुसलं. ‘जेवलात का नाही, आजी. ऐकू येतंय का, असं विचारते ती.’

‘असं होय?’ बाईंनी जरा विचार केला. ‘मग तुम्ही काय सांगता?’

‘मी?’

‘ती विचारते तेव्हा.’

‘मी काही सांगत नाही,’ ते म्हणाले. ‘मी टाळी बघायचो.’

‘अहो, पण ती विचारतेय ना!’ बाईंचा सूर पाळणाघरातल्या पोराला रागवावं तसा होता. ‘माणसाने विचारलं तर उत्तर नको द्यायला?’

मग भाऊजींनी स्वतःच माउस हातात घेतला आणि चित्र पहिल्यापासून लावलं. खुर्ची पुढे ओढली. मान वाकडी करून कान पडद्याजवळ नेला, दवाखान्यात तिच्या तोंडाशी न्यायचे तसा. ताईने हात उचलले, टाळी वाजवली. भाऊजींनी टाळीकडे पाहिलं नाही. तिने मान पुढे काढली आणि तिचे ओठ हलले. ते शब्द माझ्या तोंडाशी आले होते. मी ते गिळले.

‘येतंय गं,’ भाऊजी म्हणाले. ‘ऐकू येतंय.’

ताई तेवढा वेळ थांबली होती. मग ती ओठ मुडपून हसली.